पाँडिचेरी : पाडलेलें आणि पुन्हां वसलेलें शहर



दादरहून निघालेली एक आगगाडी पुणें, सातारा, सांगली, मिरज अशी मजल दरमजल करीत थेट पूर्व समुद्राच्या कांठीं पाँडिचेरीस जाऊन थांबते. चालुक्य एक्स्प्रेस असें तिचें नांव. साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या फलाटावर तिच्यांत बसलेला मनुष्य मध्यें कोठेंहि गाडी न बदलतां एका जुन्या फ्रेंच बंदरांत उतरतो, ही सोय आपल्या भागांतील पुष्कळांच्या ध्यानांत आलेली नाहीं. ज्यांच्या आली आहे ते चार दिवस जाऊन येतात, पिवळ्या भिंतींपुढें उभे राहून छायाचित्रें काढतात, आणि घरीं आल्यावर ‘तीनशें वर्षांचें जुनें फ्रेंच शहर पाहिलें’ म्हणून सांगतात. आज मला या वाक्यासंबंधींच थोडें बोलावयाचें आहे. कारण तें अर्धेंच खरें आहे. पाँडिचेरीस फ्रेंचांची वस्ती झाली ती १६७४ च्या सुमारास. परंतु समुद्रालगतचा जो भाग गोऱ्यांचें शहर म्हणून दाखवितात, त्यांत १७६५ च्या पूर्वींचें घर जवळजवळ सांपडावयाचें नाहीं. मध्यंतरीं तें शहर जमीनदोस्त झालें होतें. आपण पाहतों तें दुसरें शहर होय, पहिल्याच्या रेघांवर उभारलेलें. एवढी गोष्ट मनांत ठेवून जो तेथें हिंडेल, त्याला त्या रस्त्यांत इतरांपेक्षां बरेंच अधिक दिसेल.

नांवापासूनच आरंभ करूं. तमिळ भाषेंत ‘पुदु’ म्हणजे नवी आणि ‘चेरी’ म्हणजे वस्ती. फ्रेंचांच्या जिभेवर त्याचें पाँडिचेरी झालें, आपल्या जुन्या कागदांत फुलचेरी झालें, आणि २००६ सालीं पुदुच्चेरी हें मूळ रूप सरकारी रीत्या पुन्हां चालूं झालें. नवी वस्ती हें नांव या गांवाइतकें वारंवार खरें करून दाखविणारें दुसरें गांव मला तरी ठाऊक नाहीं.

आतां साताऱ्याचा आणि या दूरच्या बंदराचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो वरवरचा नाहीं. फ्रेंच वखारीचा खरा संस्थापक फ्रान्स्वा मार्टिन. विजापूरकरांचा सुभेदार शेरखान लोदी यानें त्याला आश्रय दिला होता. १६७७ सालीं शिवछत्रपतींनीं कर्नाटकच्या स्वारींत या शेरखानाचा मोड केला, तेव्हां मार्टिनला आपला वकील महाराजांकडे पाठवून वखार चालूं ठेवण्याची परवानगी मिळवावी लागली. पुढें राजाराममहाराज जिंजीस राहून राज्य राखीत होते, त्या काळांत १६९३ सालीं डचांनीं जिंजीच्या दरबाराची संमति मिळवून पाँडिचेरी काबीज केली. सहा वर्षांनीं, १६९९ सालीं, युरोपांतील तहान्वयें ती मार्टिनच्या हातीं परत आली. डचांनीं तेथें फार काळ काढला नाहीं. पण जातांना एक गोष्ट मागें ठेवली. १६९४ चे त्यांचे नकाशे उपलब्ध आहेत आणि त्यांत विणकरांच्या वस्तीसाठीं काटकोनांत आंखलेले सरळ रस्ते स्पष्ट दिसतात. आज मार्गदर्शक लोक ज्या रेखीव रस्त्यांबद्दल फ्रेंच बुद्धीची वाखाणणी करतात, त्यांची मूळ दोरी डचांनीं धरली होती! पुढचा फ्रेंच इतिहास त्याच दोरीवर ओळीनें उभा राहिला.

साताऱ्याचें नातें याहून जवळचें आहे. १७४० सालीं रघूजी भोसले व अक्कलकोटचे फत्तेसिंह भोसले हे शाहूमहाराजांच्या वतीनें कर्नाटकांत उतरले. अर्काटचा नवाब दोस्तअली लढाईंत पडला. त्याचा जांवई चंदासाहेब त्रिचनापल्लीस कोंडला गेला, १७४१ च्या मार्चमध्यें शरण आला, आणि कैदी होऊन साताऱ्यास पोंचला. नवाबाच्या घराण्यांतील बायकामुलें मात्र आधींच पाँडिचेरीच्या तटाआड गेलीं होतीं. रघूजीनें तीं मागितलीं, खंडणीहि मागितली. गव्हर्नर द्युमा यानें दोन्ही गोष्टी नाकारल्या, मराठ्यांच्या वकिलाला तटावरील तोफा हिंडवून दाखविल्या आणि निघतांना गोड फ्रेंच मद्याच्या कांहीं बाटल्या त्याच्याबरोबर दिल्या. त्या बाटल्यांनीं रघूजीच्या कुटुंबाचें मन वळविलें आणि स्वारी टळली, असें फ्रेंच इतिहासकार मोठ्या खुशींत सांगतात. मराठी फौज बाटलीला भुलली कीं तोफा मोजून परतली, याचा निर्णय ज्यानें त्यानें करावा.

चंदासाहेब सातारच्या कैदेंत सुमारें सात वर्षें होता. त्याला सोडविण्याची खटपट पाँडिचेरीहून चालली होती, आणि ती करणारा पुरुष द्युमानंतर आलेला द्यूप्ले हा होता. कर्नाटकच्या गादीवर आपल्या मर्जींतला नवाब बसवावा, हा द्यूप्लेचा डाव. १७४८ सालीं भारी खंडणी ठरून चंदासाहेब सुटला. पुढच्याच वर्षीं अंबूरची लढाई झाली, आणि फ्रेंच एका नवाबाच्या बाजूला, इंग्रज दुसऱ्याच्या, असा जो झगडा लागला तो कमीअधिक वेगानें बारा वर्षें धुमसत राहिला. चंदासाहेब १७५२ सालीं मारला गेला, द्यूप्लेला १७५४ सालीं परत बोलाविलें. पण आग विझली नाहीं. युरोपांतील सप्तवार्षिक युद्धानें तींत तेल ओतलें, आणि शेवटीं ती पाँडिचेरीच्याच छपरांपर्यंत आली. साताऱ्याच्या कैदखान्याचें दार उघडल्यामुळेंच हें झालें असें मी म्हणत नाहीं. तें दार या कथेंत आहे, एवढेंच म्हणतों.

१७६० च्या सप्टेंबरपासून आयर कूट या इंग्रज सेनापतीचा वेढा पडला. आंत लाली नांवाचा फ्रेंच गव्हर्नर होता, शूर परंतु तापट आणि कोणाशींहि न जमणारा. धान्य संपत आलें तेव्हां नोव्हेंबरच्या अखेरीस त्यानें सुमारें १,४०० देशी रहिवाशांना, बायकामुलांसुद्धां, शहराबाहेर घालविलें. इंग्रजांनीं त्यांना आपल्या फळींतून जाऊं दिलें नाहीं, फ्रेंचांनीं परत घेतलें नाहीं. दोन फौजांच्या मधल्या मोकळ्या जमिनींत गवताचीं मुळें उपटून खात ते लोक आठ दिवस राहिले, तेव्हां कुठें कूटनें त्यांना वाट दिली. पाँडिचेरीच्या कोणत्याहि चौकांत यांचें स्मारक माझ्या पाहण्यांत नाहीं. द्यूप्लेचा पुतळा मात्र आहे. नव्या वर्षाच्या पहिल्या रात्रीं मोठें तुफान झालें, वेढा घालणाऱ्या आरमारांतील कित्येक जहाजें बुडालीं, आणि शहराला क्षणभर सुटकेची आशा वाटली. ती ठरली नाहीं. १६ जानेवारी १७६१ रोजीं इंग्रज शहरांत शिरले.

ही तारीख ऐकून श्रोते दचकले असतील, तर तें साहजिक आहे. १४ जानेवारीला पानिपत झालें. १५ जानेवारीला बिहारांत बादशहा शाहआलम याच्याबरोबर लढणारा फ्रेंच सरदार झां लॉ इंग्रजांच्या हातीं सांपडला. १६ जानेवारीला पाँडिचेरी पडली. लागोपाठच्या तीन दिवसांत हिंदुस्थानच्या राजकारणाचा सारा पट फिरला, आणि त्या तीन ठिकाणच्या माणसांना एकमेकांची वार्ता पोंचावयासहि आठवडे लागले असतील.

शहर हातीं आल्यावर तें कोणाचें यावरून जिंकणाऱ्यांतच तंटा लागला. कूट म्हणे, इंग्लंडच्या राजाचें. मद्रासचा गव्हर्नर पिगट म्हणे, कंपनीचें. आणि कंपनीला दिलें नाहीं तर फौजेचा पगार देणार नाहीं! पिगट जिंकला. मग तट, किल्ला व मोठमोठ्या इमारती पद्धतशीर पाडण्यांत आल्या. १७५८ सालीं लालीनें कडलूरजवळचा इंग्रजांचा सेंट डेव्हिड किल्ला उद्ध्वस्त केला होता, त्याची ही सव्याज परतफेड होती. १७०६ मध्यें पुरा झालेला फ्रेंचांचा अभिमानाचा फोर्ट लुई त्या वेळीं गेला तो गेलाच. आज त्याच्या जागेवर भारती उद्यान आहे. तेथें मुलें झोपाळ्यावर बसतात, मधोमध एक पांढराशुभ्र ग्रीक धाटणीचा मंडप आहे, आणि आपण एका किल्ल्याच्या पोटांत उभे आहों याची खूण सांगणारा दगड सहसा कोणी शोधीत नाहीं.

१७६३ च्या पॅरिसच्या तहानें ही पडकी जागा फ्रेंचांना परत मिळाली. १७६५ सालीं ती ताब्यांत घेण्यासाठीं जो आला तो तोच झां लॉ, बिहारांत पकडला गेलेला. त्याच्यापुढें प्रश्न होता तो कोणत्याहि उद्ध्वस्त शहरापुढें असतो : जुन्याच जागीं, जुन्याच आंखणीवर बांधावें, कीं पाटी पुसून नवें लिहावें?

हा प्रश्न पुढें खुद्द फ्रान्समध्येंहि दोन बंदरांना सोडवावा लागला, म्हणून थोडें वळण घेतों. १९४४ च्या सप्टेंबरांत इंग्रज विमानांच्या बाँबवर्षावानें ल आव्र या बंदराचा मध्यभाग पार नष्ट झाला. ओग्यूस्त पेरे या वास्तुशास्त्रज्ञानें तो सहा मीटर चोवीस सेंटिमीटरांच्या ठराविक मापावर सिमेंट-काँक्रीटचा नवा बांधला. प्रथम लोकांनीं नाकें मुरडलीं. २००५ सालीं तो युनेस्कोच्या जागतिक वारशांत गेला. १९४४ च्याच ऑगस्टमध्यें जळालेलें सें मालो हें दुसरें बंदर. तेथील लोकांनीं तटाच्या आंत दगडी घरें जुन्या वळणाचीं पुन्हां उभीं केलीं, इतकीं कीं नव्या माणसाला तीं शतकांपूर्वींचीं वाटावीं. एकानें स्मृति पुसून सोय साधली, दुसऱ्यानें सोय बाजूला ठेवून स्मृति राखली.

पाँडिचेरीनें केलें तें या दोहोंहून निराळें. रस्ते जुने, घरें नवीं. यांत लॉची कल्पकता होती असें मला वाटत नाहीं, निकड होती. पांगलेले विणकर, व्यापारी, कारागीर यांना लौकर परत आणावयाचें तर ‘तुझी जागा ही’ असें प्रत्येकाला दाखवितां आलें पाहिजे, आणि जागा ओळखूं येते ती भिंतीवरून नव्हे, रस्त्यावरून. सांगलीकरांना हें समजावून सांगण्याची जरुरी नाहीं. २००५ व २०१९ चे कृष्णेचे पूर ज्यांनीं पाहिले, त्यांनीं हेंहि पाहिलें असेल कीं पाणी उतरल्यावर मनुष्य चिखल उपसतो आणि नवी भिंत जुन्याच पायावर धरतो. घर पडतें, पण शेजारी कोण आणि गल्ली कोठें वळते, हें पडत नाहीं.

म्हणून माझी प्रवाशाला अशी सूचना आहे कीं त्यानें समुद्रापासून आरंभ न करितां मधल्या कालव्यापासून करावा. उत्तर-दक्षिण गेलेल्या या कालव्यानें शहराचे दोन भाग केले आहेत : समुद्राकडे गोऱ्यांचा, पश्चिमेकडे तमिळ लोकांचा. गोऱ्यांच्या भागांत द्युमा, स्युफ्रां, रोमें रोलां अशा नांवांच्या रस्त्यांनीं चालूं लागलें कीं दोहों बाजूंस उंच भिंती लागतात. घर भिंतीच्या आंत, बागेपलीकडे. रस्त्याला मिळते ती फक्त भिंत, एक भक्कम फाटक आणि वरून डोकावणारी बोगनवेल. कालवा ओलांडतांच हें उलटें होतें. तमिळ घर रस्त्याकडे तोंड करून बसतें. पुढें लांकडी खांबांवर उतरतें छप्पर, त्याला तळवारम् म्हणतात. तें येणाऱ्याजाणाऱ्याच्या सांवलीसाठीं. त्याच्या आंत उंच ओटा, तो तिण्णै. त्यावर वाटसरूनें बसावें, टेकावें. मग कोरीव दार, आणि आंत खांबांनीं वेढलेला मोकळा चौक. वाईच्या किंवा साताऱ्याच्या वाड्यांत ज्याचें बालपण गेलें असेल त्याला ओटा आणि चौक पाहून परकें वाटणार नाहीं. रस्त्यांचीं नांवेंहि चेट्टी, वेळ्ळाळ अशीं जातींचीं व धंद्यांचीं, आपल्या पेठांसारखींच.

कांहीं घरें तर दोन्ही भाषा एकदम बोलतात. खालीं तमिळ ओटा व खांब, वरच्या मजल्यावर फ्रेंच कमानी आणि झिलमिल्यांच्या खिडक्या. वैशाल रस्त्यावर अशा घरांची एक सबंध ओळ दुरुस्त करण्यांत आली आहे, आणि या कामाचा २००८ सालीं युनेस्कोच्या आशियाई वारसा-पुरस्कारांत गौरव झाला. माझ्या मतें समुद्राकांठच्या पिवळ्या भिंतींहून हा रस्ता अधिक पाहण्यासारखा आहे. पिवळ्या भिंतींकडे एकट्या फ्रेंचांची म्हणून बोट दाखवितात. पण त्याहि तमिळ गवंड्यांनींच उभारल्या.

या भागांत आनंद रंग पिळ्ळै यांचें घर अवश्य पाहावें. हे द्यूप्लेचे दुभाषे व प्रमुख मध्यस्थ. १७३६ पासून पंचवीस वर्षें त्यांनीं तमिळमध्यें रोजनिशी लिहिली. बाजारभाव, जहाजांच्या खबरी, दरबारचीं भांडणें, सारें तींत आहे. त्यांचें घर १७६१ च्या विध्वंसांतून वांचलेल्या मोजक्या वास्तूंपैकीं म्हणून दाखवितात. धनी मात्र वांचला नाहीं. शहर पडलें त्याच जानेवारींत पिळ्ळै वारले. त्यांच्या रोजनिशींत आणखी एक कटु प्रसंग आहे. १७४८ सालीं इंग्रजांचा पहिला वेढा चालूं असतां फ्रेंचांनीं स्वतःच वेदपुरीश्वराचें जुनें देऊळ पाडलें. शत्रूच्या हातून जें झालें नव्हतें तें धन्याच्या हातून झालें. तें देऊळ पुढें लोकांच्या वर्गणींतून दुसऱ्या जागीं उभें राहिलें, आणि तेथें आज गर्दी असते. पुन्हां बांधलेलें शहर म्हणतांना हें देऊळहि त्यांत मोजावें.

आतां समुद्राकडे वळूं. पाँडिचेरीला बंदर म्हणतात खरें, पण जहाजाला आडोसा देणारी खाडी येथें नाहीं. जहाजें दूर खोल पाण्यांत नांगर टाकीत आणि फळ्या काथ्यानें शिवलेल्या होड्या लाटांतून माल आणीत. १८३६ सालीं दीपगृह झालें, १८६० नंतर लांब धक्का झाला. तो धक्का १९५२ च्या तुफानांत गेला; त्यानंतर बांधलेल्या धक्क्याचा भाग २०२२ सालीं कोसळला. याहून मोठी हानि माणसानें केली. १९८० नंतरच्या दशकांत शहराच्या दक्षिणेस नव्या बंदरासाठीं समुद्रांत दगडी बांध घातले. त्या किनाऱ्यानें वाळू वर्षांतील बराच काळ दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत असते. बांधानें ती अडविली, आणि उत्तरेकडचा शहराचा वाळवंट समुद्रानें खाऊन टाकला. म्हणून आज सागरतीरावर वाळूऐवजीं काळ्या दगडांची रास दिसते. २०१८ सालीं पाण्याखालीं कृत्रिम खडक बसविल्यापासून सचिवालयासमोर थोडी वाळू परत आली आहे. सायंकाळीं हा रस्ता वाहनांना बंद असतो, आणि तेव्हां तेथें फिरण्यासारखें सुख नाहीं.

याच रस्त्यावर नगरभवन आहे. एकोणिसाव्या शतकांतली ही इमारत दुरुस्तीची वाट पाहतां पाहतां २९ नोव्हेंबर २०१४ रोजीं पावसांत कोसळली. या वेळीं तोफ नव्हती, शत्रु नव्हता. ती जुन्या रूपांत पुन्हां बांधून २०२१ सालीं खुली झाली. नवी भिंत जुन्या चेहऱ्याची असली तर तिला जुनी म्हणावें कीं नाहीं, यावर तेथें उभें राहून प्रवाशानें सोबत्यांशीं खुशाल वाद घालावा. मला ती पडून राहण्यापेक्षां बांधली हें बरें वाटतें. परंतु वेळीं डागडुजी झाली असती तर तें याहून स्वस्त पडलें असतें. साताऱ्यांत जुन्या वाड्यांच्या जागीं उठणारे गाळे पाहतांना हा हिशेब मला आठवतो.

जाण्याचा काळ निवडतांना आपल्याकडील पावसाळ्याचा हिशेब धरूं नये. तेथें पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो आणि वादळेंहि तेव्हांच येतात; ३० नोव्हेंबर २०२४ च्या फेंगल वादळांत शहर पाण्याखालीं गेलें होतें. जानेवारी व फेब्रुवारी हे उत्तम. शहराला दोन दिवस पुरतात, तिसरा दिवस अरिकमेडू आणि जिंजी यांना द्यावा. अरिकमेडू शहराच्या दक्षिणेस जवळच आहे. तेथें १९४५ सालीं व्हीलर यांनीं उत्खनन करून रोमन व्यापाराचीं मातीचीं भांडीं उजेडांत आणलीं. फ्रेंचांच्याहि सोळाशें वर्षें आधीं येथें बंदर होतें, तें हेंच. आपल्या कोल्हापुरास ब्रह्मपुरींत सांपडलेली समुद्रदेवतेची कांस्यमूर्ति ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना हीं भांडीं ओळखीचीं वाटतील.

जिंजी सुमारें सत्तर किलोमीटरांवर आहे. सागरतीरावर गांधीजींच्या पुतळ्याभोंवतीं जे आठ कोरीव दगडी खांब आहेत, ते फ्रेंचांनीं जिंजीच्या देवळांतून आणले असें सांगतात. १७५० पासून अकरा वर्षें तो किल्ला त्यांच्याकडे होता. आधीं ते खांब नीट पाहून घ्यावे आणि मग जिंजीस जावें. २०२५ सालीं युनेस्कोनें मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशांत घेतले, त्यांत आपला प्रतापगड आहे, आणि महाराष्ट्राबाहेरचा एकटा हा जिंजी. राजगिरीची चढण उभी आहे आणि दगड नऊ वाजतांच तापूं लागतो. म्हणून पाँडिचेरीहून पहाटेंच निघावें, पाणी बरोबर घ्यावें, आणि माथ्यावर पोंचल्यावर प्रथम पूर्वेकडे तोंड करून उभें राहावें.